हनुवटीवरून फिरलेला हात

टीव्हीवर बातम्या चालू असताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, एका चौकोनात एक बाई हातवारे करत उभी असते. ज्यांना ऐकू येतं त्यांनी तिच्याकडे कधी धड पाहिलेलं नसतं. आणि ज्यांना ऐकू येत नाही ते टायवाल्या निवेदकाकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांचा सगळा जीव त्या चौकोनात. चॅनेलमध्ये तिला सगळे कोपरेवाली म्हणतात. भावाची पोर तिला आत्या म्हणते. आपणही आत्याच म्हणू, जवळचं वाटतं.

आत्याचं काम ऐकायला सोपं आहे. निवेदक जे बोलेल ते हातांनी सांगायचं. करून बघा म्हणजे कळेल! अंगात काळा सदरा, बोटात अंगठी नाही, नखांना रंग नाही, कारण हातांखेरीज काही चमकलं की बघणाऱ्याची नजर तिकडे पळते. पायाखाली चिकटपट्टीची फुली, तिच्यावरून हलायचं नाही. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. एकदा अर्थमंत्र्यांच्या बातमीत तिने न राहवून खाजवलं होतं, तर संध्याकाळपर्यंत तिघांचे मेसेज आले, अर्थमंत्र्यांच्या नाकाला काय झालं म्हणून.

ही भाषा ती कुठल्या वर्गात जाऊन शिकली नाही. तिचा दादा जन्मापासून कर्णबधिर. लहानपणी शेजारच्या घरात भांडण लागलं की ही भिंतीला कान लावायची आणि दादाला हातांनी सगळं सांगायची, कोण काय म्हणालं, कोणी कुणाच्या माहेरचा उद्धार केला, ताट कुणी फेकलं. दादा पोट धरून हसायचा. तिची पहिली बातमीपत्रं ती. आणि खरं सांगायचं तर मजकुरात फार फरक पडलेला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. नऊ वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, कुठल्याशा लांबच्या शहरात हल्ला झाला. सगळ्या वाहिन्यांवर दिवसभर एकाच माणसाचा फोटो फिरत होता, चांगली छातीपर्यंत दाढी असलेला. निवेदक म्हणाला, ‘दहशतवादी’. आत्याकडे त्या शब्दाला खूणच नव्हती. बोटांनी एकेक अक्षर काढत बसावं तर सहा अक्षरं, तोवर टायवाला तीन वाक्यं पुढे. तिने काय करावं? फोटो डोळ्यांसमोर होताच. हात हनुवटीवरून खाली फिरवला, दाढी दाखवली, आणि दोन बोटांची बंदूक केली. बघणाऱ्यांना कळलं. तिला हायसं वाटलं.

पण खुणाही वापरून वापरून झिजतात. एका बातमीपत्रात चौदा चौदा वेळा तो शब्द येऊ लागल्यावर बंदुकीला वेळ कुठला? वर्षभरात बंदूक गळाली. उरली फक्त हनुवटी. आणि गावभरच्या कर्णबधिर मंडळींनी ती आनंदाने उचलली, कारण टीव्हीवरची खूण म्हणजे शंभर नंबरी!

त्यात चॅनेलचे संपादक, ज्यांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणतात, त्यांचा हात भलताच सढळ. कुठे टायर फुटला तरी त्यांच्या पट्टीवर पहिल्या पाच मिनिटांत ‘दहशतवाद्यांचा हात?’ असं उमटायचं. ते प्रश्नचिन्ह त्यांचं फार लाडकं. उद्या काही निघालं नाही तर आम्ही विचारलंच होतं, म्हणायला मोकळे. आता हातांच्या भाषेत प्रश्नचिन्ह असतं भुवयांत. भुवया वर केल्या की प्रश्न, खाली असल्या की ठाम विधान. आणि चौदाव्यांदा तेच सांगताना कुणाच्या भुवया वर राहतात हो? ‘संशयित’ आलं तरी हनुवटी, ‘ताब्यात घेतलेला तरुण’ आलं तरी हनुवटी. घाईसाहेब घाईत, टायवाला घाईत, मग हिनेच तेवढं निवांत कसं असावं?

तर असं नऊ वर्षं सुखाने चाललं होतं.

एका रविवारी ती दादाकडे जेवायला गेली. दादाच्या घरी जेवण म्हणजे दीड तासाचा कार्यक्रम, कारण घरातल्या सगळ्यांचे दोन्ही हात बोलण्यात गुंतलेले, घास कोण घेणार? भात कायम गार. वहिनीही कर्णबधिर, सहा वर्षांची पोरगीही, त्यामुळे भांडी आपटण्याला आणि खुर्च्या ओढण्याला धरबंध नाही. ऐकणारी एकटी आत्या, आणि कानांची पार वाट.

“तुझं स्टूल कुठवर आलं गं?” आत्याने पोरीला हातांनी विचारलं.

पोरीच्या शाळेत सुतारकामाचा तास आहे. आठ मुलांचा वर्ग, प्रत्येकाने वर्षभरात आपलं स्वतःचं स्टूल करायचं. शिकवणारे सुतारकाका स्वतः कर्णबधिर, दादाचे शाळेपासूनचे दोस्त. आत्या पाच वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन फिरलेला माणूस. त्यांना लांबलचक दाढी होती, ती कुठल्या तत्त्वासाठी नाही की नवसासाठी नाही. निव्वळ आळस! लाकडाला रंधा मारताना हात थकत नाही, पण स्वतःच्या तोंडावर वस्तरा फिरवायचा म्हटलं की माणसाला कंटाळा.

पोरीने नाक मुरडलं. “मी नाही जात त्या वर्गात.”

“का?”

पोरीने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हात हनुवटीवरून खाली फिरवला, अगदी झोकात, शेवटी मनगटाला हलकासा झटका देऊन. तो झटका आत्याचा होता, हुबेहूब. “सुतारकाका तो आहे,” पोरगी म्हणाली.

आत्याला आधी हसूच आलं. “चल, काहीतरीच. कुणी सांगितलं?”

“टीव्हीत सांगतात.”

“टीव्हीत सुतारकाकांचं कुणी कशाला सांगेल?”

“दाढीवाले म्हणजे ते. टीव्हीत रोज सांगतात.” पोरीला आत्याच्या मठ्ठपणाचं आश्चर्य वाटलं असावं. “तूच सांगतेस की!”

आत्याचा घास हातातच राहिला. दादाने पोरीला डोळे वटारून दाखवले आणि बहिणीला म्हणाला, “लहान आहे ती. विसरेल.”

“कशी विसरेल?” वहिनीने ताट बाजूला सारलं. हात मोकळे करून घेतले म्हणजे वहिनी आता ऐकवणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. “आठातली सहा पोरं त्या वर्गात जात नाहीत. दोघांच्या आयांनी तर मुख्याध्यापक बाईंकडे जाऊन सांगितलं, मुलं घाबरतात म्हणून. महिना झाला याला.”

“महिना? मग मला कुणी बोललं कसं नाही?”

“तुला काय बोलायचं?” वहिनी म्हणाली. “खूण तुझीच.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बातम्यांआधी आत्या शाळेत गेली. सुतारकामाची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. तिने दारातून दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद केलं, तिथे हाक मारायची हीच रीत. एक माणूस भुशातून डोकं वर काढून वळला. तिला वाटलं, कुणी नवीन सुतार आला की काय! मग तो हसला तेव्हा तिने ओळखलं.

दाढी गेली होती. सगळी. कपाळ आणि गाल उन्हाने रापलेले, आणि खाली हनुवटी पांढरीफटक, दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली.

“कसा दिसतो?” सुतारकाकांनी विचारलं.

“सोललेल्या बटाट्यासारखा.”

त्यांचे खांदे हसून हलले. ते असंच हसतात. मग त्यांनी हाताने खोली दाखवली. भिंतीशी आठ अर्धवट स्टुलं ओळीने मांडलेली, कुणाला तीन पाय, कुणाला दोन. पोर एकही नाही.

“कालपरवापर्यंत दोन तरी यायची,” ते म्हणाले. “दाढी काढल्यापासून तीही बंद झाली.”

“पण दाढी तर गेली!”

“तेच तर. पोरं म्हणतात, लपण्यासाठी काढली.” आणि त्यांनी पोरांची खूण करून दाखवली, चेहऱ्यावरून पंजा फिरवायचा आणि मान चोरायची. आत्याने ती लगेच ओळखली. ‘वेश बदलून फिरत होता.’ घाईसाहेबांचं आवडतं वाक्य, महिन्यातून तीनदा तरी येतंच. तेही हिनेच सांगितलेलं, त्याच कोपऱ्यातून, त्याच हातांनी.

आता बोला! दाढी ठेवली तरी गुन्हेगार, काढली तर सराईत गुन्हेगार.

“माझ्यामुळे झालं हे,” आत्या म्हणाली.

“तू फक्त सांगतेस. बोलतो तो टायवाला.”

“टायवाल्याने हनुवटी नाही आणली, काका. ती मी आणली.”

सुतारकाकांनी रंधा उचलला, त्याचं पातं अंगठ्याने तपासलं आणि पुन्हा ठेवून दिला. लावायला लाकूड होतं, पण शिकायला कुणी नव्हतं, आणि एकट्यासाठी स्टूल करण्यात त्यांना गंमत वाटत नसणार.

मुख्याध्यापक बाई वाईट नव्हत्या, बिचाऱ्या कात्रीत सापडल्या होत्या. त्यांनी आत्याला स्पष्टच सांगितलं, “वर्ग महिनाअखेरपर्यंत रिकामा राहिला तर मला तो बंद करावा लागेल. मग सुतारमास्तरांना ठेवायचं कशावर? सव्वीस वर्षं झाली त्यांना इथे. मला काय आनंद होतोय का?”

महिनाअखेरीला सतरा दिवस होते. आत्या तडक चॅनेलवर आली आणि घाईसाहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. त्यांच्या एका कानाला फोन, दुसऱ्या हातात सँडविच, आणि डोळे तीन पडद्यांवर.

“साहेब, मला एक मिनिट हवंय. बातम्यांत.”

“कशाला?”

“माझी एक खूण चुकीची आहे. नऊ वर्षं. ती बदलतेय असं बघणाऱ्यांना सांगायचंय. माफी मागायचीय.”

घाईसाहेबांनी फोन खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर. “लेखी तक्रार आलीय?”

“नाही.”

“वकिलाची नोटीस?”

“नाही हो. पोरं घाबरतायत.”

“मग माफी कुणाची मागायची?” त्यांनी सँडविचचा घास घेतला. “हे बघ, तुला खूण बदलायची तर बदल. डावा हात वापर, उजवा वापर, पायाने कर. इथे कुणाला कळतंय? पण चॅनेलने माफी मागायची नाही. एकदा मागितली की सवय लागते.”

माणूस प्रामाणिक होता, एवढं मात्र खरं. नऊ वर्षांत चॅनेलमधल्या कुणीही तिच्या हातांकडे बघून ‘हे काय सांगतेस?’ असं एकदाही विचारलं नव्हतं. ती कोपऱ्यात उद्या शेजारच्यांची भांडणं सांगू लागली असती तरी यांना पत्ता लागला नसता.

हे तिच्या डोक्यात तेव्हा नुसतं येऊन गेलं. उपयोग नंतर झाला.

खूण बदलायची, पण बदलून काय आणायची? इथे मात्र तिने नऊ वर्षांपूर्वीची चूक पुन्हा केली नाही. तेव्हा तीन सेकंदांत स्वतःच ठरवून मोकळी झाली होती. या वेळी ती रविवारी कर्णबधिर मंडळात गेली. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांची बैठक असते, चाळीसएक माणसं, गोल करून बसलेली, कारण ओळीत बसलं तर मागच्याला पुढच्याचे हात दिसत नाहीत. बाहेरून कुणी बघितलं तर वाटेल किती शांत सभा. आत गोंधळ असा की चार जण एकाच वेळी बोलतायत आणि अध्यक्ष पाय आपटून आपटून दमलेत. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे घड्याळजी, सत्तरीचे, नजर अजून सुईसारखी.

आत्या मधे उभी राहिली आणि म्हणाली, “ही खूण मी आणली. तुम्हाला न विचारता. चूक झाली.”

“आता काय उपयोग?” एक शिंपीणबाई म्हणाली. “सगळ्यांच्या हातात बसलीय. सोपी आहे.”

“सोपी आहे म्हणून ठेवायची?” हे मंडळातले न्हावी. “त्या खुणेप्रमाणे वागायचं तर माझ्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं मला पोलिसांकडे द्यावी लागतील!”

सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, नुसती बंदूक दाखवू. दुसऱ्याने लगेच विचारलं, मग शिकारी कसा सांगणार? आणि शिपाई? कुणी म्हणालं काळा कपडा, कुणी म्हणालं लाल डोळे. अर्धा तास असा गेला. शेवटी घड्याळजींनी इतक्या जोरात पाय आपटला की खालून ग्रंथपाल वर बघायला आले.

“तुम्ही सगळे तो दिसतो कसा तेच सांगताय,” घड्याळजी म्हणाले. “कुणी पाहिलाय त्याला? तो करतो काय ते सांगा.”

मग एकेकाने जोडत जोडत ती खूण झाली. आधी दोन्ही पंजे पसरून लोक. मग छातीशी थरथरती मूठ, धास्ती. आणि मग तीच मूठ पुढे नेऊन दोर ओढल्यासारखी ओढायची. लोकांना धास्ती घालून आपलं म्हणणं पुढे ओढणारा. शिंपीणबाईंनी दोनदा करून बघितली आणि म्हणाल्या, “तीन हालचाली? तोवर बातमी संपेल.”

“मी मागे पडेन,” आत्या म्हणाली. “पडू दे.”

सुतारकाका शेवटच्या खुर्चीत बसले होते. सगळं बघत होते, हात मांडीवर. घड्याळजींनी त्यांना विचारलं, तुला काही म्हणायचंय का?

ते उठले. “दोन गोष्टी. एक, हनुवटीला फार गार लागतं.” पुन्हा हशा. “दुसरी. मी पोरांच्या हातात करवत देतो. करवत धरलेल्या पोराने लाकडाकडे बघायचं असतं आणि मी मागे उभा असतो. पोराला मागच्या माणसाची भीती वाटत असेल तर ते मागे वळून बघतं, आणि बोट कापून घेतं. सव्वीस वर्षांत माझ्या वर्गात एकाही पोराचं बोट कापलेलं नाही. म्हणून ती येत नाहीत तर मी आग्रह करत नाही. घाबरलेलं पोर मला नकोच त्या खोलीत.” एवढं बोलून ते बसले, आणि आत्याला रडूच आलं. तिने ते लपवलंही नाही.

खूण ठरली. चाळीस जणांनी ती उचलली. पण टीव्ही बघणारे चाळीस नव्हते, आणि त्या आठ पोरांचे आईबाप तर मंडळात कधी येतच नसत. त्यांना कोण सांगणार? सांगणारी जागा एकच होती, तो कोपरा. आणि त्या कोपऱ्याचा नियम कडक. निवेदक जे म्हणेल तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. हा नियम आत्याने नऊ वर्षांत एकदाही मोडला नव्हता, आणि आताही तो मोडायची तिची तयारी नव्हती.

बुधवारी दुपारी एकच्या बातम्या लागल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घाईसाहेबांची पट्टी उमटली. बाजारात मोठा स्फोट. टायवाल्याचा आवाज चढला. ‘दहशतवाद्यांचा हात?’ आत्याचा उजवा हात आपोआप उठला. नऊ वर्षांची सवय, हो! गळ्यापर्यंत आला, सदऱ्याच्या वरच्या बटणापाशी थांबला, आणि तिने तो खाली ओढून आणला. लोक, धास्ती, दोर. आणि भुवया वर, चांगल्या कपाळापर्यंत. पुन्हा तोच प्रश्न आला, पुन्हा भुवया वर. सहाव्यांदा कपाळ दुखायला लागलं, तरी वर. टायवाला दोन वाक्यं पुढे गेला.

“कोपरेवाली, मागे पडतेयस!” कानातल्या बटणातून घाईसाहेब ओरडले. “पळ की जरा!”

ती पळाली नाही. अठराव्या मिनिटाला टायवाल्याने एका दमात सांगून टाकलं की बाजारातल्या एका दुकानाच्या वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर फुटला होता, कुणाला इजा नाही. आणि पुढची बातमी. पंधरा मिनिटं दहशतवादी, आणि कॉम्प्रेसर अर्धं वाक्य. हे अर्धं वाक्य मात्र आत्याने अगदी सावकाश सांगितलं.

शेवटी आलं हवामान. हवामानाचं असं आहे की तिथे निवेदक बोलत नाही. पाऊण मिनिट नुसतं संगीत, मागे नकाशा, शहरांचे आकडे. कोपऱ्यातला चौकोन तसाच चालू राहतो, कारण तो बंद करायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. नऊ वर्षं आत्या तिथे हात पोटाशी जुळवून उभी राहायची. निवेदक बोलत नव्हता. म्हणजे नियम मोडायचा प्रश्नच नव्हता!

तिने हात वर केले.

“हे माझं बोलणं आहे, बातमी नाही,” ती म्हणाली. “मी नऊ वर्षं दहशतवादी म्हणताना हनुवटीवरून हात फिरवत होते. ती खूण चुकीची होती. दाढी म्हणजे फक्त दाढी. नवीन खूण ही.” तिने ती दोनदा केली. “आणि निवेदकाने नुसता प्रश्न विचारला होता तेव्हाही मी तुम्हाला उत्तर दिल्यासारखं सांगितलं. माझ्या भुवया खाली होत्या. आपल्या शाळेतले सुतारकाका मला लहानपणापासून माहीत आहेत. माझ्या हातांमुळे पोरं त्यांना घाबरली. चूक त्यांची नाही, पोरांचीही नाही. माझी आहे. मुलांनो, तुमची स्टुलं अर्धी आहेत. काका वाट बघतायत.”

संगीत संपलं. तिने हात पोटाशी जुळवले.

बाहेर आल्यावर घाईसाहेब समोरच आले. “काय गं,” ते म्हणाले, “हवामानात आज एवढं काय सांगत होतीस?”

“किनाऱ्यावर वारा आहे,” आत्या म्हणाली.

“बरं बरं,” म्हणून ते पुढे गेले.

गुरुवारी पोरगी वर्गात गेली, आणि तिच्या मागून आणखी चार. वहिनीने सांगितलं म्हणून आत्या मुद्दाम बघायला गेली. दाराशीच थबकली. सुतारकाका जमिनीवर मांडी घालून बसलेले, मान वर, डोळे मिटलेले, आणि पोरगी फूटपट्टी घेऊन त्यांची हनुवटी मोजत होती. दहा-बारा दिवसांचे खुंट उगवले होते. एकाने फळ्यावर खडूने लिहिलं, तारीख आणि आकडा, अर्धा सेंटीमीटर. पोरं रोज मोजणार होती म्हणे. छातीपर्यंत यायला किती दिवस लागतील याचा हिशेब त्यांनी काकांकडूनच मांडून घेतला होता.

“टोचते,” पोरगी आत्याला म्हणाली आणि खदखदून हसली.

मग ती आपल्या स्टुलाशी गेली, करवत उचलली आणि काकांकडे पाठ करून उभी राहिली. लाकडाकडे बघत. एकदाही मागे वळली नाही. आत्याने हे पाहिलं आणि तिला वाटलं, जिंकलो.

पण भिंतीशी अजून तीन स्टुलं तशीच होती.

“तिघांचे आईबाप बुधवारी दुपारी कामावर असणार,” काका म्हणाले. “सगळे कुठे टीव्ही बघतात? राहू दे. पाच आलीत. बाईंनी वर्ग चालू ठेवलाय.”

“पत्ते द्या,” आत्या म्हणाली.

पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. घंटेऐवजी आत दिवा लागणारं बटण. दार एका बाईने उघडलं, आणि आत्याला बघताच तिचा चेहरा फुलला. “तू टीव्हीतली! आमच्या घरी?” तिने पाय आपटून आत बोलावणं धाडलं. सात वर्षांचा मुलगा धावत आला, आत्याला पाहून जागीच थिजला, आणि मग आनंदाने इतका लाल झाला की काय करू आणि काय नको असं त्याला झालं. त्याची आई म्हणाली, “घरी असला की तुझ्यासमोर बसतो. तुझ्याचकडून शिकतो. दाखव रे, ताईंना करून दाखव!”

मुलगा ताठ उभा राहिला. आणि जगातली सगळ्यात चांगली गोष्ट करतोय अशा अभिमानाने त्याने हात हनुवटीवरून खाली फिरवला, शेवटी मनगटाला तो झटका देऊन.

त्याने शाबासकीसाठी तिच्याकडे बघितलं. आत्या त्याच्यासमोर जमिनीवर बसली, दोन्ही हात वर घेतले आणि म्हणाली, “फार छान केलंस. पण मी तुला चुकीचं शिकवलं, बाळा.”